प्रश्न रकान्याला विचारायचा

दुकानांची एक मोठी यादी समोर आहे असे समजा. प्रत्येक ओळीत नोंदीचा क्रमांक, पत्ता, जिल्हा आणि थकलेल्या कराची रक्कम. त्यातून नाशिक जिल्ह्यातली दुकाने तेवढी वेगळी काढायची आहेत. शोधाच्या चौकटीत ‘नाशिक’ लिहिले की संगणक भराभर ओळी काढून देतो, आणि त्यांत कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरची दुकानेही असतात. ती पिंपरी-चिंचवडमधली, म्हणजे पुणे जिल्ह्यातली. रस्ता ज्या गावाला जातो त्या गावाचे नाव रस्त्याला, नाक्याला आणि फाट्याला देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पुण्यात सोलापूर रस्ता आहे, सातारा रस्ता आहे. नाशकात मुंबई नाका आहे. तेव्हा महाराष्ट्रातल्या पत्त्यांच्या कोणत्याही यादीत एका जिल्ह्याचे नाव भलत्याच जिल्ह्याच्या ओळीत सापडणार, हे धरूनच चालावे. संगणकाने सांगितल्याप्रमाणे अक्षरे शोधली. ती जिल्ह्याच्या रकान्यातच शोधायची होती, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

मजकुरातला शोध आणि तक्त्यातला शोध यांत हा मुळातला फरक आहे. कादंबरीत एखादे नाव कुठल्या पानावर आले एवढे कळले तरी भागते. तक्त्यात तोच शब्द कोणत्या रकान्यात बसला आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. हा फरक ओळखून बनवलेली काही छोटी साधने आहेत आणि सीएसव्हीग्रेप हे त्यांतले एक. ते कमांड लाइनवर चालते, म्हणजे बटणे दाबण्याऐवजी एक ओळ टाइप करायची आणि उत्तर खाली उमटते. आजवर ते बहुतेक प्रोग्रामर मंडळींतच वापरले गेले आहे. पण त्याची खरी गरज निवडणुकीचे निकाल, अनुदानाच्या याद्या, जनगणनेचे तक्ते चाळणाऱ्या पत्रकारांना, संशोधकांना, कार्यकर्त्यांना आणि कार्यालयातल्या लिपिकांना आहे, असे मला ठामपणे वाटते. या याद्यांवरून माणसांचे हक्काचे पैसे मिळतात किंवा अडतात. ज्या शोधावरून असे काही ठरते, तो शोध मूळ फाइलला धक्का न लावता झाला पाहिजे आणि दुसऱ्या कोणालाही तो जसाच्या तसा पुन्हा करून पाहता आला पाहिजे.

आधी ही फाइल कशी असते ते पाहू. सीएसव्ही फाइल म्हणजे नुसता मजकूर. एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मधे स्वल्पविराम. रंग नाही, ठळक अक्षर नाही, गणिताचे सूत्र नाही. आयबीएमच्या फोरट्रान कंपायलरमध्ये स्वल्पविरामांनी तोडलेली माहिती वाचण्याची सोय १९७२ सालीच होती. व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट त्यानंतर सात वर्षांनी, १९७९ मध्ये आले. इतका जुना प्रकार असूनही त्याचे नियम नीट लिहून निघायला ऑक्टोबर २००५ उजाडला. आरएफसी ४१८० नावाच्या दस्तऐवजात ते आहेत आणि ते मोजकेच आहेत. रकान्यातल्या मजकुरात स्वल्पविराम असेल तर तो सगळा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहायचे. आणि अवतरणचिन्हांच्या आत ओळसुद्धा तोडलेली चालते. म्हणजे आपल्या यादीतली एक नोंद अशी दिसेल:

१०४,"नाशिक फाटा, कासारवाडी",पुणे,"१,२५,०००"

या ओळीत सहा स्वल्पविराम आहेत, पण रकाने वेगळे करणारे त्यांतले तीनच. एक पत्त्यातला आहे आणि दोन रकमेतले. जे साधन स्वल्पविराम दिसला की कापते, ते चार रकान्यांचे सात तुकडे करील आणि तिसरा रकाना म्हणून ‘पुणे’ऐवजी ‘कासारवाडी’ हातात ठेवील. आपली लाख-कोटींची मांडणी इथे जास्तच अडचणीत आणते. पाश्चात्त्य पद्धतीने सव्वा लाख लिहिताना एक स्वल्पविराम लागतो, आपल्या पद्धतीने दोन, आणि कोटीच्या पुढे गेलो की तीन. अमेरिकेतल्या तक्त्यांवर कसेबसे निभावणारी कापाकापी भारतातल्या सरकारी तक्त्यावर लगेच उघडी पडते.

मजकूर शोधण्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध साधन ग्रेप हे आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी ते लिहिले आणि १९७३ च्या युनिक्समध्ये ते आले. ते एकेक ओळ वाचते आणि दिलेला शब्द असलेली ओळ छापते. पन्नास वर्षे उलटली तरी प्रत्येक लिनक्स आणि मॅक संगणकावर ते आहे, आणि त्याच्या वेगाबद्दल आदरच वाटावा. पण त्याचे जग ओळींचे आहे. रकाना ही गोष्ट त्याला ठाऊक नाही, आणि कोणी पत्ता लिहिताना एकाच चौकटीत दोन ओळी केल्या असतील तर ग्रेप अर्धीच नोंद हातात देते. अल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन यांची ऑक ही १९७७ ची भाषा रकाने ओळखते, पण अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम न कापण्याची सोय तिच्या मूळ आवृत्तीत तिच्यावरच्या पुस्तकाच्या २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या सुमारास आली.

ही उणीव भरून काढणारा सीएसव्हीकिट हा साधनांचा संच वृत्तपत्रांत डेटाचे काम करणारे अमेरिकी पत्रकार-प्रोग्रामर ख्रिस्तोफर ग्रॉस्कॉफ यांनी २०११ च्या सुमारास सुरू केला. सीएसव्हीग्रेप त्याचाच भाग. तो पायथन भाषेत लिहिलेला आहे, फुकट आहे आणि कोणालाही उघडून वाचता येतो. आपल्या यादीसाठी सीएसव्हीग्रेपची आज्ञा अशी वाचता येईल: आधी साधनाचे नाव, मग उणे चिन्हाला जोडून ‘सी’ हे इंग्रजी अक्षर आणि रकान्याचे नाव, ‘जिल्हा’, मग उणे ‘एम’ आणि शोधायचा शब्द, ‘नाशिक’, शेवटी फाइलचे नाव. एवढेच. साधन पहिल्या ओळीतून रकान्यांची नावे उचलते, प्रत्येक नोंद अवतरणचिन्हांचे नियम पाळून सोडवते, जिल्ह्याचा रकाना तेवढा तपासते आणि जुळलेल्या नोंदी रकान्यांच्या नावांसकट छापते. कासारवाडीची ओळ येत नाही. उत्तरसुद्धा सीएसव्हीच असते, त्यामुळे ते उभ्या रेघेच्या चिन्हाने थेट पुढच्या साधनाकडे देता येते: एक रकाने निवडते, एक क्रम लावते, एक बेरजा आणि मोजण्या करते. सीएसव्हीग्रेप एकेक नोंद वाचून सोडून देते, म्हणून फाइल संगणकाच्या स्मृतीपेक्षा मोठी असली तरी अडत नाही. वेग हवा असणाऱ्यांसाठी अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट भाषेत लिहिलेले एक्सएसव्ही आणि त्यातून निघालेले क्यूएसव्ही आहे. जॉन कर्ल यांचे मिलरही आहे. साधन कोणते घ्यावे हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे.

मुख्य आक्षेप असा की एवढ्यासाठी नवे काही शिकायचेच कशाला? एक्सेलमध्ये फाइल उघडावी, फिल्टर लावावा, जिल्ह्याच्या रकान्यात नाशिक निवडावे. फिल्टर रकाना पाहतो हे खरेच आहे आणि छोट्या कामाला तो पुरतो. अडचण फिल्टरच्या आधी, फाइल उघडताना सुरू होते. स्प्रेडशीट फाइल वाचतानाच तिचा अर्थ लावते. गट क्रमांक १२/३ असेल तर ती तारीख समजते. सदनिका ५-१२ असेल तर तीही तारीख होते. दूरध्वनीच्या ०२० मधले पहिले शून्य गळते. बारा अंकी आधार क्रमांक ‘१.२३४५७ई+११’ अशा रूपात दिसू लागतो, आणि कोणी त्याच अवस्थेत फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली की दिसत होते तेच लिहिले जाते. उरलेले अंक कायमचे गेले. सोळा किंवा सतरा अंकी खाते क्रमांकाचे तर पंधरा अंकांपुढचे सगळे शून्य होते. यातले काहीही होताना इशारा मिळेलच असे नाही. माणसाने फक्त फाइल उघडून पाहिलेली असते आणि सवयीने जतन करण्याचे बटण दाबलेले असते.

ही भीती काल्पनिक नाही, याला मोठे पुरावे आहेत. जनुकशास्त्रात ‘सेप्ट २’ आणि ‘मार्च १’ अशी जनुकांची नावे होती. एक्सेल त्यांना सप्टेंबर आणि मार्चमधल्या तारखा समजत असे. मेलबर्नच्या मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की जनुकांच्या यादीची एक्सेल फाइल जोडलेल्या शास्त्रीय निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघडलेले जनुकाचे नाव होते. हे निबंध तज्ज्ञांनी तपासून छापलेले होते. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. ‘सेप्ट’चे ‘सेप्टिन’ झाले. एका कार्यालयीन साधनाच्या सवयीपुढे शास्त्राची परिभाषा वाकली, हे मला आजही अस्वस्थ करते. आपोआप होणारे हे बदल बंद करण्याचे बटण मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये दिले ते २०२३ मध्ये.

दुसरा पुरावा त्याहून गंभीर. इंग्लंडमध्ये कोरोनाच्या साथीत प्रयोगशाळांकडून चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलींत येत होते आणि सरकारी आरोग्य यंत्रणा ते जुन्या एक्सएलएस साच्यात ओतत होती. त्या साच्यात ६५,५३६ ओळी मावतात. एका रुग्णाच्या अनेक ओळी होत असल्याने साचा लवकर भरला आणि पुढच्या नोंदी सांडून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढण्याचे काम उशिरा सुरू झाले. मूळ सीएसव्ही फाइलींत काही कमी नव्हते. आजच्या एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे; एखाद्या मोठ्या जिल्ह्याची मतदारयादी तिच्यापलीकडे जाते.

यावर जाणकार म्हणतील की एक्सेलमध्येच पॉवर क्वेरी आहे; तिथे प्रत्येक रकाना मजकूर म्हणून घ्यायला सांगता येते, मूळ फाइल शाबूत राहते आणि केलेल्या पायऱ्यांची नोंदही राहते. हे मला पूर्ण मान्य आहे. जो इतक्या शिस्तीने काम करतो त्याला कमांड लाइनकडे वळवण्याचा माझा आग्रह नाही. पण फाइलवर दोनदा क्लिक केले की काय घडते, त्यावर बहुतेकांचे काम चालते, आणि तिथे ही शिस्त नाही. सीएसव्हीग्रेपमध्ये काळजी न घेताही फाइल सुरक्षित असते, कारण ते तिच्यात लिहीतच नाही. मात्र संचातली सगळी साधने इतकी सोवळी नाहीत. क्रम लावणारे आणि दोन तक्ते जोडणारे साधन रकान्यात आकडा आहे की तारीख याचा अंदाज बांधते; तसे करू नको हे त्याला वेगळे सांगावे लागते.

मराठी याद्यांवर काम करताना एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो इंग्रजीत लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सहसा सापडत नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो. एका कळफलकावर त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येते, त्याचा क्रमांक ०९३१. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मागोमाग एक न दिसणारे जोडचिन्ह येते. कधी ‘र’खाली नुक्ता दिलेला असतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते तीन निरनिराळे शब्द आहेत. ‘ॲग्रो’ आणि ‘ॲड.’मधला ‘ॲ’ही तसाच: युनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला, त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर वेगळा चंद्र चढवलेला असतो. शिवाय आकडे कुठे देवनागरी, कुठे इंग्रजी. आणि माणसांच्या नावांतली वेलांटी: दीपक आणि दिपक, सुनील आणि सुनिल, दोन्ही कागदोपत्री खरी नावे. शोधात एक रूप दिले आणि दुसरे निसटले तर त्या दिपकचे नाव यादीत नाही असाच निष्कर्ष निघतो.

कोणतेही साधन हा प्रश्न आपोआप सोडवत नाही. पण सीएसव्हीग्रेपला साध्या शब्दाऐवजी नमुना देता येतो; त्यासाठी ‘एम’च्या जागी ‘आर’ वापरायचे. ‘द’ लिहायचा, मग चौकटी कंसात ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही वेलांट्या, मग ‘पक’. या नमुन्याने दोन्ही नावे सापडतात. ‘ऱ्य’ची तिन्ही रूपे उभ्या रेघेने तोडून एका कंसात देता येतात. अंकांसाठी जी सर्वसाधारण खूण आहे ती पायथनमध्ये देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक ओळखते. हे लिहायला थोडा अभ्यास लागतो. मोबदल्यात शोधणाऱ्याने कोणती रूपे धरली आणि कोणती सोडली, हे आज्ञेच्या ओळीत उघड दिसते. शोधाच्या चौकटीत टाइप करून पुसलेल्या शब्दाबद्दल असे काही सांगता येत नाही. जुन्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर मात्र आधी त्यांचे रूपांतर करून घ्यावे लागते. तिथे नमुना कितीही चांगला असला तरी निरुपयोगी आहे.

काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिणे सामान्य माणसाला जमणार नाही, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत लोक याहून किचकट अर्ज आणि प्रणाली रोज हाताळतात. अधिक वजनदार आक्षेप असा की मोठा डेटा डेटाबेसमध्येच टाकावा. एकाच डेटाला महिनोन्महिने प्रश्न विचारायचे असतील तर जरूर टाकावा. पण संकेतस्थळावरून आज उतरवलेल्या फाइलला दोन प्रश्न विचारण्यासाठी एवढा संसार मांडायची गरज नाही. आणि आता सगळेच विचारतात की कृत्रिम बुद्धिमत्तेला फाइल देऊन मराठीतच का विचारू नये? माझे उत्तर असे की तिच्याकडून उत्तर मागण्यापेक्षा आज्ञा लिहून घ्यावी. ‘नाशिक जिल्ह्यात ३१२ दुकाने आहेत’ हे वाक्य तपासायचे तर सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. आज्ञेची ओळ वाचून मात्र रकाना बरोबर आहे का, शब्द बरोबर आहे का, हे मिनिटभरात कळते. शिवाय लोकांची नावे आणि खाते क्रमांक असलेली फाइल आपल्या संगणकाबाहेर जात नाही.

प्रश्न लिहून ठेवण्याचे महत्त्व २०२४ च्या निवडणूक रोख्यांच्या याद्यांत स्पष्ट दिसले. पक्षांना देणग्या देण्याची ही रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारीला घटनाबाह्य ठरवली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने रोखे विकत घेणाऱ्यांची आणि ते वटवणाऱ्या पक्षांची अशा दोन याद्या प्रसिद्ध केल्या, त्याही पीडीएफमध्ये. त्यांचे तक्ते ज्याला त्याला आपापले करून घ्यावे लागले. एकाच कंपनीचे नाव कुठे पूर्ण, कुठे मधेच तुटलेले. रोख्यांचे क्रमांक २१ मार्चला आले तेव्हा कुठे दोन याद्या एकमेकींशी जुळवता आल्या. पण या क्रमांकांतली सुरुवातीची अक्षरे एका रकान्यात होती आणि आकडा दुसऱ्यात. अक्षरे सोडून नुसता आकडा जुळवला तर एक कोटीचा रोखा दहा लाखांच्या रोख्याशी जोडला जाऊ शकतो, आणि मग देणगी भलत्याच पक्षाच्या नावावर पडते. सीएसव्हीग्रेपला एका वेगळ्या फाइलीत क्रमांकांची यादी देता येते, आणि रकान्यातला पूर्ण मजकूर यादीतल्या एखाद्या ओळीशी तंतोतंत जुळला तरच ते नोंद देते. त्यासाठी आधी दोन्ही रकाने जोडून एक करावे लागतात. हे केले होते की नाही, हे बातमी वाचून कळत नाही. बातमीसोबत आज्ञा छापली असेल तर कळते.

अशा आज्ञेची उलटतपासणीही सोपी आहे. तिच्यात उणे ‘आय’ घातले की साधन जुळलेल्या नोंदी वगळून उरलेल्या सगळ्या देते. जुळलेल्या आणि उरलेल्या नोंदी मोजून त्यांची बेरीज फाइलमधल्या एकूण नोंदींएवढी येते का ते पाहावे. मोजणी ओळींची न करता नोंदींची करावी, कारण एखाद्या पत्त्यात ओळ तुटलेली असू शकते. मग उरलेल्या नोंदींतला जिल्ह्याचा रकाना तेवढा काढून त्यातली वेगवेगळी नावे एकेकदा वाचावीत. ‘नासिक’ अशा जुन्या रूपाने लिहिलेल्या नोंदी, इंग्रजीत लिहिलेला जिल्हा आणि जिल्हा रिकामा सोडून फक्त पत्त्यात नाव दिलेली दुकाने, ही सगळी तिथे सापडतात.